मिहानच्या एका शेडमध्ये निर्वात भट्टी हवी

देशाच्या मध्यभागी असण्याचा नागपूरला सर्वांत मोठा तांत्रिक मान मिळाला तो १९८८ च्या मे महिन्यात, आणि आपण तो जवळजवळ विसरलो. त्या महिन्यात आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपुरातून सुरू झाली. मध्यम लहरी, १५६६ किलोहर्ट्झ, ताकद एक मेगावॉट, म्हणजे दहा लाख वॉट. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात, रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर पोचतात. म्हणून प्रक्षेपण रात्रीचं, आणि म्हणूनच जागा नागपूर. बुटीबोरीच्या मनोऱ्यावरून निघालेला आवाज रात्रपाळीच्या माणसाला कुठेही लागायचा.

त्या प्रक्षेपकाच्या पोटात व्हॉल्व होते, म्हणजे आतली हवा काढून टाकलेल्या निर्वात नलिका. घरच्या जुन्या रेडिओत काचेचे बोटाएवढे व्हॉल्व असायचे, तसे नव्हेत. धातू आणि सिरॅमिकचे, सतत थंड ठेवावे लागणारे, दोघातिघांनी मिळून हलवायचे. त्या काळी एवढ्या ताकदीचं मध्यम लहरींचं प्रक्षेपण व्हॉल्वशिवाय होत नव्हतं. राष्ट्रीय वाहिनी पुढे बंद झाली, लोकांच्या खिशात मोबाइल आले, आणि ‘व्हॉल्वचा जमाना गेला’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जाऊ लागलं. नागपुरात अभियांत्रिकी शिकणारी मुलंही ते बोलतात. निर्वात नलिका त्यांच्यासाठी इतिहासाच्या धड्यातली गोष्ट असते.

हे वाक्य चुकीचं आहे, आणि त्याची किंमत आपलं शहर मोजतंय, असं माझं म्हणणं आहे. मिहानमध्ये, म्हणजे नागपूरच्या विमानतळालगतच्या औद्योगिक वसाहतीत, विमानांची देखभाल-दुरुस्ती होते. टाटांच्या कारखान्यात बोइंग ७८७ च्या फ्लोअर बीम तयार झाल्या. दसॉ आणि रिलायन्सच्या प्रकल्पात फाल्कन विमानांचे भाग बनतात, आणि जून २०२५ मध्ये अख्खं फाल्कन २००० इथे जोडण्याची घोषणा झाली. अंबाझरीच्या आयुध निर्माणीत पिनाकाची रॉकेटं बनतात. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण विमान असो, क्षेपणास्त्र असो की उपग्रह, त्यातला जो भाग कोणी सहज विकत देत नाही, तो घडवायला शिकण्याची जागा नागपुरात नाही. ती करायची ठरवली तर सुरुवात निर्वात तंत्रज्ञानापासून करावी. कारण सांगतो.

आधी हे पाहू की हा धंदा जगात कोण करतं आणि तो कसा उभा राहिला. रसेल आणि सिगर्ड व्हेरियन हे दोघे भाऊ. एक भौतिकशास्त्राकडचा, दुसरा पॅन ॲमचा वैमानिक. ढगांत आणि अंधारात विमान दिसावं कसं, हा प्रश्न वैमानिक भावाला छळत होता. १९३७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्यांच्याशी एक करार केला. पगार नाही. प्रयोगशाळेत जागा, सामानासाठी शंभर डॉलर, आणि शोधातून पैसे आले तर निम्मे विद्यापीठाचे. त्याच वर्षी त्यांनी क्लायस्ट्रॉन घडवला. इलेक्ट्रॉनांच्या झोताचे वेगाच्या फरकाने पुंजके करायचे आणि त्या पुंजक्यांकडून सूक्ष्मलहरींची ताकद काढून घ्यायची, ही त्यामागची कल्पना. १९४८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी व्हेरियन असोसिएट्स ही कंपनी काढली ती अवघ्या २२ हजार डॉलर भांडवलावर. स्टॅनफर्डने आपल्या जमिनीवर औद्योगिक वसाहत उभारली तेव्हा पहिलं भाडेपत्र याच कंपनीने घेतलं. त्या परिसराला आज सगळं जग सिलिकॉन व्हॅली म्हणून ओळखतं, पण सिलिकॉन तिथे यायच्या आधी निर्वात नलिका आल्या होत्या.

त्याच भागात १९३४ मध्ये बिल आयटेल आणि जॅक मॅकलॉ या दोन हौशी रेडिओवाल्यांनी आयमॅक कंपनी सुरू केली होती. हॅम मंडळींना हवा तसा दणकट प्रक्षेपण व्हॉल्व बाजारात मिळत नव्हता, तो त्यांनी स्वतः केला. १९६० च्या जुलैत आयमॅकच्या रेडिओ क्लबने चंद्रावर लहरी आदळवून देशाच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबशी दुतर्फा संपर्क साधला. हौशी लोकांनी चंद्र वापरून केलेला तो पहिला संवाद. १९६५ मध्ये आयमॅक व्हेरियनमध्ये सामील झाली. १९९५ मध्ये व्हेरियनने नलिकांचा विभाग विकला आणि त्यातून कम्युनिकेशन्स अँड पॉवर इंडस्ट्रीज, थोडक्यात सीपीआय, ही कंपनी तयार झाली. रडारचे क्लायस्ट्रॉन, नभोवाणीचे व्हॉल्व, कॅनडातल्या जॉर्जटाउनमध्ये उपग्रह-दळणवळणाचे ॲम्प्लिफायर, असा तिचा पसारा. २०२४ मध्ये तिचा इलेक्ट्रॉन नलिकांचा व्यवसाय ट्रान्सडाइम या विमानभागांच्या कंपनीने सुमारे १३८ कोटी डॉलरना विकत घेतला. मेलेल्या तंत्रज्ञानासाठी कोणी एवढे पैसे मोजत नाही.

आता नागपुरातच पाहा. धंतोली-रामदासपेठेच्या रोगनिदान केंद्रांत रोज शेकडो एक्स-रे आणि सीटी स्कॅन होतात. त्या प्रत्येक यंत्राचं हृदय म्हणजे एक निर्वात नलिका. अशाच एका केंद्रात बदलून बाजूला ठेवलेली सीटीची नलिका मला जवळून पाहता आली. आवरण कापून उघडलेली. आत बशीसारखी जड तबकडी, तिच्या कडेने टंगस्टनचा पट्टा. इलेक्ट्रॉनांचा मारा याच पट्ट्यावर होतो आणि तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असते, म्हणजे उष्णता एका ठिकाणी साचत नाही. तरीही पट्टा खरखरीत झाला होता, बोटाला काचकागदासारखा लागत होता, आणि नख अडकेल अशा बारीक भेगा त्यावर पडल्या होत्या. तिच्या जागी आलेली नवी नलिका परदेशातली होती. तिचा खर्च अखेर स्कॅन करवून घेणाऱ्या माणसाच्या बिलातच येतो. यवतमाळहून, गडचिरोलीहून, छिंदवाड्याहून आलेल्या माणसाच्या.

कर्करोगावर किरणोपचार करणारा लिनॅक घ्या. त्यात क्लायस्ट्रॉन किंवा मॅग्नेट्रॉन ही सूक्ष्मलहरी निर्माण करणारी दुसरी निर्वात नलिका असते, काही मायक्रोसेकंदांपुरती मेगावॉटमधली ताकद देणारी. विदर्भाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट इथे आहे. मुंबईच्या समीर या संस्थेने देशात घडवलेला लिनॅक सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसवला गेला. आपल्यापासून दीड-दोन तासांवर. नागपुरात हवामान खात्याचं डॉप्लर रडार आहे. गारपीट आणि वीज कुठे सरकतेय हे त्यावरून कळतं. अशा अनेक रडारांत लहरींची ताकद क्लायस्ट्रॉनमधूनच येते. महावितरणच्या उपकेंद्रांत वीजप्रवाह तोडणारे ११ आणि ३३ केव्हीचे ब्रेकर असतात, त्यांतही आता बहुतेक ठिकाणी निर्वातातच ठिणगी विझवली जाते. आणि ओट्यावरच्या मायक्रोवेव्हमध्ये मॅग्नेट्रॉन आहेच.

उपग्रहाची गोष्ट याहून रंजक. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. जमिनीवरून तिथे पोचेपर्यंत संदेश इतका क्षीण होतो की परत पाठवण्याआधी तो प्रचंड वाढवावा लागतो. हे काम कित्येक उपग्रहांत ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब करते. रुडॉल्फ कॉम्पफ्नर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती इंग्लंडमध्ये घडवली, बेल प्रयोगशाळेत जॉन पिअर्स यांनी तिचं शास्त्र पक्कं केलं, आणि १९६२ मध्ये टेलस्टार उपग्रहातून ती अवकाशात गेली. १९७७ मध्ये निघालेली व्हॉयेजर यानं सूर्यमालेच्या सीमेपलीकडून आजही जो डेटा पाठवतात, तो अशाच नलिकेतून येतो.

ही नलिका उघडली तर काय दिसतं? एका टोकाला कॅथोड. सच्छिद्र टंगस्टनची बारीक चकती, तिच्या छिद्रांत बेरियमची संयुगं मुरवलेली, सुमारे हजार अंश सेल्सिअसला तापलेली. तिच्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि केसासारख्या बारीक तारेच्या वेटोळ्यांमधून जातो. संदेशाची लहर त्या वेटोळ्यावरून फिरत फिरत पुढे सरकते, म्हणून तिचा पुढचा वेग प्रकाशवेगाच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो. झोताचा वेग त्याहून किंचित जास्त ठेवलेला असतो. त्या किंचित फरकातून झोत आपली ऊर्जा लहरीला देत जातो. झोत पसरू नये म्हणून भोवती समेरियम-कोबाल्टच्या चुंबकांची माळ. वेटोळं जागेवर धरायला सिरॅमिकच्या काड्या. शेवटी उरलेली ऊर्जा परत मिळवणारा कलेक्टर.

तत्त्व पुस्तकात आहे, आणि वाचून ते कुणालाही समजतं. अवघड आहे ते सिरॅमिकला धातू जोडणं, असं जोडणं की पंधरा वर्षं त्यातून हवेचा कणही आत जाणार नाही. ॲल्युमिनाच्या सिरॅमिकवर मॉलिब्डेनम आणि मँगनीजच्या भुकटीचा लेप देतात, दमट हायड्रोजनच्या भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास भाजतात, त्यावर निकेल चढवतात, आणि मग चांदी-तांब्याच्या मिश्रधातूने ७८० अंशांना धातूशी सांधा करतात. पुढे सांध्यावर हेलियम फवारून गळती तपासायची. मग अख्खी नलिका पंपाला जोडून कित्येक तास भाजायची, म्हणजे धातूच्या अंगात मुरलेले वायू बाहेर पडतील. या साखळीत कुठेही उघड्या बोटाचा स्पर्श झाला तर बोटावरचं तेल पुढे कॅथोडला मारतं. मायक्रोस्कोपखाली वेटोळं बसवणारा कारागीर तयार व्हायला वर्षं लागतात, आणि त्याला पदवीपेक्षा स्थिर हात आणि सवय लागते. हे ज्ञान परवान्यासोबत खोक्यात भरून येत नाही. ज्या देशांकडे ते आहे, ते नलिका विकतात, हात विकत नाहीत. १९९८ मध्ये पोखरणनंतर अमेरिकेने आपल्या कितीतरी संस्थांवर निर्बंध घातले, तेव्हा हे आपल्याला चांगलंच समजलं होतं.

आता नागपूरकडे काय आहे ते बघा. मँगनीजचा लेप म्हटलं ना, त्या मँगनीजची देशातली मोठी सरकारी कंपनी मॉइल. तिचं मुख्यालय काटोल रोडवर, खाणी मनसर, कांद्री, गुमगावला. सिरॅमिक ज्या ॲल्युमिनाचं होतं, त्यावर काम करणारी जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन संस्था अमरावती रोडवर वाडीला. कॅथोडच्या टंगस्टनचं खनिज कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात असल्याचं भूशास्त्रज्ञांना दीर्घकाळ माहीत आहे, आणि खाणींचा हिशेब ठेवणारा भारतीय खाण ब्युरो सिव्हिल लाइन्समध्ये. धातुशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही शिकवणारं व्हीएनआयटी १९६० पासून. १९४२ पासूनची एलआयटी, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली, जिला २०२३ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आणि श्रद्धानंदपेठेतली शासकीय आयटीआय, जिथून स्थिर हाताची मुलं मिळतील. यांतल्या बहुतेक जागा शहराच्या पश्चिमेकडे, एका सकाळी स्कूटरवर फिरून होतील इतक्या अंतरात आहेत.

मी असं म्हणत नाही की मनसरचं मँगनीज खणलं की नलिका तयार. नलिकेला लागते ती अतिशुद्ध भुकटी, तीही ग्रॅमांत. मुद्दा असा की खनिजापासून शुद्ध भुकटीपर्यंत, भुकटीपासून सिरॅमिकपर्यंत आणि तिथून सांध्यापर्यंत जी माणसं लागतात, ती एकाच शहरात असूनही एकमेकांकडे जात नाहीत. त्यांना एकत्र आणणारं काम कोणी त्यांच्यापुढे ठेवलेलंच नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं, एप्रिलमध्ये समेरियमसह सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर. कॅथोडचं टंगस्टन आणि चुंबकाचं समेरियम, दोन्ही एका वर्षात. ज्या शहरात खाण ब्युरो आहे, त्या शहरातल्या विद्यापीठांत यावर किती चर्चा झाली? मला तरी ऐकू आली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप: गॅलियम नायट्राइडचे सेमीकंडक्टर आता नलिकांची जागा घेत आहेत. बरोबर आहे. कमी उंचीवरचे नवे इंटरनेट उपग्रह सपाट अँटेना आणि सेमीकंडक्टरवर चालतात, नव्या पिढीच्या रडारांतही तेच येत आहेत, आणि हा कल उलटणार नाही. पण भूस्थिर उपग्रहात शंभर-दीडशे वॉट हवे असतील तर नलिका साठ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता देते. त्याच कामात सेमीकंडक्टर मागे पडतो आणि उरलेली वीज उष्णता होऊन अंगावर येते. अवकाशात उष्णता टाकायला वारा नसतो. लिनॅकचे मेगावॉट, एक्स-रे आणि ब्रेकर यांत तर सेमीकंडक्टर नजीकच्या काळात शिरताना दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर मला केवळ ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूबची ओढ नाही. निर्वात, भट्टी, सांधा, गळतीची तपासणी या चार गोष्टी ज्याला येतात, तो उद्या जेट इंजिनाच्या भागांचं ब्रेझिंग, म्हणजे मिश्रधातू वितळवून सांधणं, करू शकतो, उपग्रहाच्या चाचणीचा कक्ष बांधू शकतो, सेमीकंडक्टरच्या कारखान्यातली यंत्रं चालवू शकतो. मिहानमधल्या विमानदुरुस्तीला हीच कौशल्यं लागतात.

दुसरा आक्षेप असा की देशात हे काम आधीच होतंय. होय. पिलानीची सिरी ही इलेक्ट्रॉनिक्सची सरकारी संशोधन संस्था १९५३ पासून आहे, बेंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि डीआरडीओचं सूक्ष्मलहरी नलिका केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी चिकाटीने नलिका घडवल्या. पण एवढ्या मोठ्या देशात हे ज्ञान हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आवारांत अडकून राहणं मला धोक्याचं वाटतं. तिथला जाणता कारागीर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर तीस वर्षांचा सराव घरी जातो. व्हेरियनच्या आसपास जशा एकमेकींतून कंपन्या निघत गेल्या, तसं इथे व्हायचं तर सरकारी कुंपणाबाहेर शिकण्याच्या आणखी जागा लागतील.

तिसरा आक्षेप रोजगाराचा आहे, आणि विदर्भात तो मला सर्वांत जास्त बोचतो. असं केंद्र हजारो नोकऱ्या देणार नाही. सुरुवातीला पन्नास दिल्या तरी खूप. निवडणुकीच्या सभेत पन्नास नोकऱ्यांची घोषणा कोण करील? गोदामं आणि डेटा सेंटरं मोठे आकडे सांगतात, जमीनही भरपूर घेतात. पण आपल्या मुलांनी पुण्या-बेंगळुरूला का जायचं, या प्रश्नाचं उत्तर गोदामात नाही. व्हीएनआयटीतून बाहेर पडणाऱ्या मुलीला नागपुरात राहून देशात मोजक्या लोकांना येणारं काम करता आलं, तर ती राहील. तिच्याभोवती दुसरे दहा राहतील. आयटीआयच्या ज्या मुलाचे हात मायक्रोस्कोपखाली थरथरत नाहीत, त्याला त्या हातांची खरी किंमत मिळेल.

म्हणून मागणी अगदी नेमकी ठेवावी. मिहान चालवणाऱ्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने एक शेड द्यावी, नाममात्र भाड्याने, किमान वीस वर्षांसाठी. राज्य सरकारने त्यात एक निर्वात भट्टी, एक हायड्रोजन भट्टी, हेलियमचा गळतीशोधक, भाजण्याचे पंप आणि स्वच्छ खोली उभी करावी, आणि ती कोणा एका कंपनीच्या मालकीची न करता तासाच्या भाड्याने सर्वांना खुली ठेवावी. व्हीएनआयटी, एलआयटी आणि ॲल्युमिनियम संस्थेने प्राध्यापक द्यावेत, मॉइलने शुद्ध भुकटीच्या संशोधनाला पैसा. आयटीआयमध्ये निर्वात-तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढावा आणि सिरी, भारत इलेक्ट्रॉनिक्समधून निवृत्त झालेल्या कारागिरांना चांगलं मानधन देऊन शिकवायला बोलवावं. करार स्टॅनफर्डसारखा साधा असावा: जागा आमची, सामान आमचं, शोध लागला तर वाटा निम्मा-निम्मा.

पहिलं काम उपग्रहाचं नको. पहिल्या तीन-चार वर्षांत एक्स-रे नलिकांची दुरुस्ती आणि पुनर्भरणी करावी. जुन्या नलिकेचं आवरण आणि तांब्याचे भाग वापरून नवा कॅथोड, नवी तबकडी घालून, पुन्हा निर्वात करून ती चालू करता येते. मोठ्या प्रक्षेपण व्हॉल्वच्या बाबतीत जगात हे होत आलं आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कसोट्या कडक आहेत, त्या पार कराव्याच लागतील, आणि त्या पार करताना जी शिस्त लागेल तीच पुढे कामी येईल. गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागणार नाही, मेडिकल चौकापासून जामठ्यापर्यंत यंत्रं उभी आहेत. त्यानंतर ब्रेकरमध्ये ठिणगी विझवणारे निर्वात इंटरप्टर, मग लिनॅकचा मॅग्नेट्रॉन, समीरसोबत. उपग्रहाची नलिका दहाव्या-बाराव्या वर्षी आली तरी चालेल.

यासाठी लागणारा पैसा मिहानच्या एका रस्त्याच्या कंत्राटापेक्षा फार वेगळा असेल असं मला वाटत नाही. कठीण आहे ती वीस वर्षांची हमी, कारण मधे चार विधानसभा निवडणुका येतील. ती हमी कागदावर आणण्यासाठी आपल्या आमदारांना आणि व्हीएनआयटीच्या माजी विद्यार्थ्यांना या हिवाळी अधिवेशनाच्या आधीच भेटायला हवं. अधिवेशन नागपुरातच भरतं, आणि त्या दिवसांत सगळं मंत्रिमंडळ आपल्या शहरात असतं.